नकाशावरचा कोरा रस्ता: शेअर्ड स्कूटरच्या डेटावरून मार्गिका ठरवताना काय घडलं

पार्श्वभूमी

प्रकरण एका मध्यम आकाराच्या शहरातलं आहे. शहर, कंपन्या, अधिकारी अशी सगळी नावं वगळली आहेत. रस्त्यांची इथं दिलेली नावंही ओळखीपुरतीच आहेत. रस्ते नियोजन विभागासाठी डेटा तपासणारा एक छोटा गट होता, त्यात मी होतो. त्यामुळे बैठकीत काय बोललं गेलं आणि त्यातलं फायलीवर किती उतरलं, हे दोन्ही पाहायला मिळालं.

शहरात तीन कंपन्यांची वाहनं भाड्यानं मिळत होती. दोन कंपन्यांच्या उभ्यानं चालवायच्या ई-स्कूटर होत्या, तिसरीच्या सायकली. ठरलेलं स्टँड कोणाचंच नव्हतं. ॲपवर वाहन शोधायचं, कोड स्कॅन करायचा आणि काम झालं की आहे तिथं सोडून द्यायचं. पहाटे कंपन्यांच्या गाड्या फिरायच्या, रात्रभरात विखुरलेली वाहनं गोळा करायच्या आणि चार्ज झालेली वाहनं ठरावीक जागी मांडून जायच्या. या पहाटेच्या मांडणीकडे सुरुवातीला कोणीच लक्ष दिलं नाही, कारण ती कंपन्यांची अंतर्गत बाब समजली जात होती.

परवाना देताना पालिकेनं डेटाची अट घातली होती आणि तो दोन साच्यांत यायचा. पहिला जीबीएफएस (जनरल बाइकशेअर फीड स्पेसिफिकेशन). हा २०१५ पासून वापरात आहे आणि तो सर्वांना खुला असतो. आत्ता या क्षणी कोणतं वाहन कुठं रिकामं उभं आहे, एवढंच तो सांगतो. त्याच्या २.० आवृत्तीपासून प्रत्येक फेरीनंतर वाहनाचा क्रमांक बदलावा लागतो, म्हणजे नुसतं फीडवर, म्हणजे सतत येत राहणाऱ्या या नोंदींवर, लक्ष ठेवून एखादं वाहन कोणाच्या दारातून कोणाच्या दारात गेलं हे काढता येत नाही. दुसरा साचा एमडीएस (मोबिलिटी डेटा स्पेसिफिकेशन). लॉस एंजेलिसच्या वाहतूक विभागानं तो २०१८ मध्ये तयार केला आणि २०१९ पासून ओपन मोबिलिटी फाउंडेशन तो सांभाळते. यात झालेल्या फेरीची सगळी कुंडली असते: कुठून निघाली, कुठं संपली, केव्हा आणि कोणत्या वाटेनं. हा डेटा फक्त शहराच्या यंत्रणेला मिळतो.

परवान्यात यासाठी एकच वाक्य होतं: कंपनीनं दोन्ही फीड द्यावीत. ती किती काळ ठेवायची, कोणी पाहायची, कशासाठी वापरायची, यावर एक अक्षर नव्हतं.

अडचण

त्या वर्षीच्या निधीत एकच संरक्षित मार्गिका बसत होती. संरक्षित म्हणजे रंगवलेल्या पट्ट्याच्या पुढची पायरी, मोटारी आणि सायकल-स्कूटर यांच्यामध्ये कठडा किंवा खुंट असलेली. उमेदवार रस्ते दोन होते.

कॉलेज रस्ता हा स्टेशनपासून कॉलेजपर्यंतचा. दुतर्फा उंच इमारती, बसची वर्दळ, दुकानांपुढं माल उतरवणाऱ्या गाड्या. कारखाना रस्ता शहराच्या दुसऱ्या टोकाला. औद्योगिक भागातून कामगार वस्तीकडे जाणारा, रुंद, सरळ, आणि सरळ असल्यामुळेच ट्रक तिथं वेग धरायचे. फुटपाथ होता, पण सलग नव्हता.

फुटपाथवरून स्कूटर जातात, ही तक्रार दोन्हीकडची होती. मार्गिका दिली की हे कमी होतं याबद्दल विभागात दुमत नव्हतं. पोर्टलंड शहरानं २०१८ मध्ये १२० दिवसांचा स्कूटर प्रयोग केला, तेव्हा तिथल्या निरीक्षणांतही हेच दिसलं होतं: रस्त्यावर संरक्षित जागा असली की लोक फुटपाथवर कमी चढतात. प्रश्न होता तो पहिली मार्गिका कोणाला द्यायची याचा.

सल्लागार कंपनीनं बनवलेल्या डॅशबोर्डवर शहराचा हीटमॅप होता, म्हणजे जिथं फेऱ्या जास्त तिथं रंग गडद. कॉलेज रस्ता लालभडक, कारखाना रस्ता जवळजवळ पार्श्वभूमीच्या रंगाचा. पहिल्या बैठकीत हा नकाशा पडद्यावर आला आणि दहाव्या मिनिटाला निर्णय झाल्यासारखंच वातावरण झालं. वरच्या अधिकाऱ्यांना ‘डेटावर आधारित निर्णय’ हवा होता आणि तो समोर दिसत होता. विभागप्रमुख बाईंनी विचारलं, कोणाला काही शंका? गटातली सर्वांत ज्युनियर मुलगी म्हणाली, “मॅडम, कारखान्याकडे कंपन्यांची गाडी जातच नाही. वाहनच नाही तर फेरी कुठून दिसणार?”

बाईंनी पुढची बैठक दोन आठवड्यांनी ठेवली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच होता, आणि इतिवृत्तात त्याची नोंद ‘पुढील तारीख’ एवढीच आहे.

पहिला पेच: डेटा किती बारीक घ्यायचा

शंका तपासायची तर कच्च्या फेऱ्या उघडाव्या लागणार होत्या. तिथं कायदा अधिकाऱ्यांनी हात आडवा घातला, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. एमडीएसमध्ये चालवणाऱ्याचं नाव नसतं, फोन नंबर नसतो, म्हणून तो निनावी आहे असं समजायची पद्धत आहे. पण माणसाच्या ये-जा करण्याच्या वाटा त्याच्या सहीइतक्याच ओळखू येतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. जागा मोबाइल टॉवरइतकी ढोबळ आणि वेळ तासाइतकी ढोबळ धरूनही फक्त चार नोंदींवरून ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे काढता येत होते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांचा डेटा खुला झाला, तेव्हा गाड्यांचे परवाना क्रमांक झाकण्याची पद्धत इतकी कच्ची निघाली की ते थोड्याच वेळात उलगडले गेले.

लॉस एंजेलिसमध्ये तर २०२० मध्ये नागरी हक्क संघटना याच एमडीएसवरून कोर्टात गेल्या होत्या. २०२२ मध्ये अपील कोर्टानं शहराच्या बाजूनं निकाल कायम ठेवला. आमच्या बैठकीत एकानं हा दाखला दिला, म्हणजे घ्यायला हरकत नाही अशा सुरात. कायदा अधिकाऱ्यांचं उत्तर मला अजून पटतं: तिथल्या घटनेत काय बसतं ते तिथल्या कोर्टानं सांगितलं, पण आपल्या टेबलावरच्या पेन ड्राइव्हची जबाबदारी ते कोर्ट घेणार नाही.

आणि धोका नुसता कागदावरचा नव्हता. कच्च्या डेटात पहाटे साडेचारला निघणारी एक फेरी आठवड्यातून ठरावीक वारी दिसायची, एकाच इमारतीपासून एकाच दवाखान्यापर्यंत. ती इमारत कोणती हे नकाशावर बोट ठेवून सांगता येत होतं. ती पाहिल्यावर खोलीतल्या कोणाला फारसं समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून ठरलं असं: कच्चा डेटा फक्त एका संगणकावर, दोनच माणसांच्या हाती, मुदत संपली की पुसायचा. बाकी सगळ्यांना रस्त्याच्या तुकड्यागणिक आणि तासागणिक एकत्र केलेले आकडे मिळतील. एखाद्या तुकड्यावर एखाद्या तासात दहापेक्षा कमी फेऱ्या असतील तर तो आकडा झाकायचा. ही पद्धत सर्रास वापरली जाते आणि वाजवी आहे.

नवा तक्ता तयार झाला आणि कारखाना रस्ता नकाशावरून नाहीसाच झाला.

आधी तो निदान फिका होता, आता कोरा झाला. त्या रस्त्यावर जवळजवळ कोणत्याच तासात दहा फेऱ्या होत नव्हत्या, त्यामुळे सगळे आकडे झाकले गेले. जिथं वाहनं कमी तिथं फेऱ्या कमी, आणि जिथं फेऱ्या कमी तिथं खासगीपणाच्या नियमाची पट्टी. ज्या वस्तीबद्दल प्रश्न होता तीच वस्ती दोनदा गाळली गेली, आणि दोन्ही वेळा कोणाचाही वाईट हेतू नव्हता. त्यात डॅशबोर्डला झाकलेला आकडा आणि शून्य यांतला फरकच कळत नव्हता. दोन्ही एकाच रंगात.

तोडगा दोन भागांत निघाला. विरळ तुकड्यांसाठी तासाचा हिशेब सोडून आठवड्याच्या कामाच्या दिवसांतला ठरावीक पट्टा एकत्र धरायचा, उदाहरणार्थ दुपारी २ ते ४, आणि तोही कित्येक आठवड्यांचा मिळून. म्हणजे दहाची मर्यादा मोडत नाही आणि रस्ताही दिसतो. दुसरं, झाकलेले तुकडे नकाशावर तिरक्या रेघांनी दाखवायचे. ‘इथं काही नाही’ आणि ‘इथलं सांगता येत नाही’ यांना वेगळी खूण. काम अर्ध्या दिवसाचं होतं, पण त्यानंतरच्या बैठकीत लोकांचे प्रश्न बदलले. रेघा कुठं आहेत हे आधी विचारलं जाऊ लागलं.

दुसरा पेच: न झालेल्या फेऱ्या कशा मोजायच्या

फेऱ्यांचा डेटा म्हणजे बसमध्ये चढलेल्या माणसांची मोजदाद. थांब्यावर वाट पाहून चालत निघून गेलेला माणूस त्यात येत नाही. त्याचा माग काढायला जीबीएफएस कामी आला, कारण रिकामं वाहन कधी दिसायला लागलं आणि कधी दिसेनासं झालं हे त्यातून कळतं. क्रमांक फेरीनंतर बदलत असला तरी एका ठिकाणी उभं असेपर्यंत तो तोच राहतो.

मग एक साधं गुणोत्तर काढलं: नकाशावर पाडलेल्या एका चौकोनातून निघालेल्या फेऱ्या भागिले तिथं रिकामी वाहनं जितके तास उभी होती ते एकूण तास. समजा एका चौकोनात वीस वाहनं दहा तास उभी राहिली, म्हणजे दोनशे वाहन-तास, आणि चाळीस फेऱ्या निघाल्या, गुणोत्तर ०.२. दुसऱ्या चौकोनात सगळं मिळून दोनच वाहन-तास आणि चार फेऱ्या, गुणोत्तर २. हीटमॅपवर पहिला दहापट गडद दिसेल, मागणीच्या तीव्रतेत मात्र दुसरा दहापट पुढं.

पण चार फेऱ्यांवर रस्ता बांधता येत नाही. एखाद्या दिवशी चार मित्र एकत्र आले तरी हा आकडा तयार होतो. त्यामुळे किमान इतके वाहन-तास असल्याशिवाय गुणोत्तर काढायचंच नाही, असं ठरवावं लागलं, आणि तेवढे तास जमायला कारखान्याच्या बाजूला बरेच आठवडे लागले.

सफाईतही बराच वेळ गेला. मिनिटभरात सुरू होऊन जागच्या जागी संपलेल्या ‘फेऱ्या’ बहुधा बिघडलेल्या स्कूटरच्या होत्या: माणसानं स्कॅन केलं, ब्रेक दाबून पाहिला, सोडून दिली. काही फेऱ्या स्कूटरला शक्यच नसलेल्या वेगानं झालेल्या, म्हणजे कंपनीच्या टेम्पोतून. आणि कॉलेज रस्त्याच्या बाजूला कित्येक स्कूटर दिवसेंदिवस एकाच जागी ‘उपलब्ध’ दिसायच्या. फीडमध्ये वाहन बंद असल्याची खूण द्यायची सोय असते, पण ती वेळेवर द्यायची तर आधी कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं. अशी वाहनं धरली की तिथला भाजक फुगतो आणि मागणी आहे त्यापेक्षा कमी दिसते. म्हणजे ही दुरुस्ती कॉलेज रस्त्याच्या बाजूनं जात होती. ती गटानं केली, हे मुद्दाम सांगतो. आपल्या आवडत्या रस्त्याच्या विरोधातली सफाई टाळण्याचा मोह असतोच.

हे सगळं झाल्यावर कारखान्यामागच्या एका चौकोनाचं चित्र स्पष्ट झालं. शिफ्ट सुटायच्या वेळी तिथं बहुधा एकही वाहन नसायचं. जेव्हा एखादं असायचं, कोणीतरी सकाळी तिथं सोडून गेलेलं, ते शिफ्ट सुटल्यावर काही मिनिटांतच उचललं जायचं. तेच वाहन स्टेशनबाहेर तासन्‌तास पडून राहायचं.

तिसरा पेच: जीपीएसचा कॉलेज रस्ता

कॉलेज रस्त्याचा लाल रंग तरी खरा आहे ना, हे पाहायला दोघांनी तिथं उभं राहून मोजणी केली. आकडे जुळेनात. पडद्यावर जितक्या स्कूटर दिसत होत्या तितक्या रस्त्यावर जात नव्हत्या.

उत्तर इमारतींच्या मागं होतं. कॉलेज रस्त्याला समांतर एक अरुंद गल्ली आहे. बसच्या धुरात शिरण्यापेक्षा बरेच जण तिथून जात होते. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत-बाहेर बरोबर असतो. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि चूक कितीतरी वाढते. मग हे विस्कळित बिंदू रस्त्यांच्या नकाशाला चिकटवणारा प्रोग्राम शंका आली की मोठ्या, सलग रस्त्याला पसंती देतो. गल्लीतल्या फेऱ्या अशा मुख्य रस्त्याच्या खात्यात जमा झाल्या होत्या.

याच कारणानं ‘फुटपाथवर किती जण चालवतात ते डेटातून काढा’ ही मागणी गटानं सरळ नाकारली. दोन मीटरचा फुटपाथ आणि पाच मीटरची चूक, त्यातून काय निघणार! ते काम डोळ्यांनीच करायचं.

पर्याय

बैठकीपुढं चार पर्याय गेले.

हीटमॅप मान्य करून कॉलेज रस्त्यावर मार्गिका करणं सर्वांत सोपं होतं आणि कोणी जाब विचारला असता तर नकाशा दाखवता आला असता. त्याची अडचण अशी की ज्यांच्यासाठी ती करायची त्यातले बरेच जण त्या रस्त्यावर नव्हतेच.

कंपन्यांचा डेटा बाजूला ठेवून फक्त जुन्या पद्धतीची मोजणी करावी, असा दुसरा. याला विभागातल्या जुन्या मंडळींचा पाठिंबा होता. पण दोन ठिकाणची दोन दिवसांची मोजणी संध्याकाळ, पाऊस, सुट्टी यांबद्दल गप्प असते, आणि तोडगा काढायला वेळही थोडा होता.

तिसरा, वर्षभर थांबून कायमचे मोजणी यंत्र बसवणं. शास्त्राला धरून. निधी मात्र परत गेला असता.

चौथा: कारखाना रस्त्यावर प्लॅस्टिकचे खुंट लावून, उचलता येईल अशी मार्गिका आधी करायची, कॉलेजच्या बाजूला मार्गिकेऐवजी मागची गल्लीच सुधारायची, आणि दोन्हीकडे आधी-नंतर हातानं मोजणी करायची.

चौथा निवडला गेला. एकमतानं नाही. स्टेशन भागातल्या प्रतिनिधींचा आक्षेप असा होता की जिथं स्कूटर दिसत नाहीत तिथं मार्गिका देणं म्हणजे डेटा मागवून तो उलटा वाचणं. वरवर पाहता त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं.

काय केलं

आधी सहा आठवड्यांची चाचणी. परवान्यातल्या अधिकारात पालिकेनं तिन्ही कंपन्यांना सांगितलं की कारखान्याच्या फाटकाजवळ शिफ्ट सुटायच्या वेळी ठरावीक वाहनं असली पाहिजेत. एका कंपनीनं ते नीट पाळलं. दुसरीनं वाहनं पहाटे मांडली, म्हणजे दुपारी दोनला फाटकाशी काहीच उरलं नाही, आणि अहवालात मात्र अट पूर्ण. ‘वेळी’ या शब्दानं आदेशात फार काही बांधलं जात नाही, हे तेव्हा कळलं. पुढच्या आदेशात घड्याळाची वेळ लिहिली गेली. सायकल कंपनीनं सुरुवात केली आणि मध्येच सोडली.

जी वाहनं होती ती भराभर गेली. पण एकाच दिशेनं. दुपारी फाटकाकडून वस्तीकडे जायची आणि तिथंच साचून राहायची. सकाळी उलट दिशेला मागणी होती, पण ती शहराच्या इतर भागांच्या आधी, कंपन्यांच्या गाड्या पोचायच्या आत. एका फेरीसाठी वाहन परत आणून ठेवणं कंपनीला परवडत नाही, हेही या चाचणीतून समजलं. कंपन्या तिकडे का जात नव्हत्या त्याचं एक प्रामाणिक कारण सापडलं.

याच आठवड्यांत फाटकाशी हातानं मोजणी झाली आणि तिनं सगळ्यांनाच, आमच्या गटालाही, थोडं गप्प केलं. शिफ्ट सुटल्यावर त्या रस्त्यानं जाणाऱ्यांत भाड्याची वाहनं मूठभर होती. रांग होती ती स्वतःच्या सायकलींची. जुन्या, मागच्या कॅरियरवर डबा आणि रेनकोट बांधलेल्या. एकाही फीडमध्ये, कोणत्याही साच्यात, त्या कधी दिसल्या नव्हत्या आणि दिसणारही नव्हत्या. गुणोत्तरांची एवढी उठाठेव करून जो रस्ता निवडला, तो निवडायला फाटकावरचा एक दुपारचा तास पुरला असता, असं एक सहकारी म्हणाला. ते अर्धं खरं आहे. त्या फाटकावर कोणी जाऊन उभं राहावं, एवढी शंका त्या गुणोत्तरामुळेच आली होती.

मार्गिकेचं काम झपाट्यानं झालं. कॉलेजमागच्या गल्लीत एका टोकाला मोटारींना प्रवेश बंद, मध्ये गतिरोधक, आणि कोपऱ्यांवर स्कूटर ठेवायचे रंगवलेले चौकोन. फेऱ्या कुठं संपतात याचा डेटा या चौकोनांसाठी खरोखर उपयोगी पडला, कारण इथं पाच-दहा मीटरच्या चुकीनं फारसं बिघडत नाही. चौकोन मुद्दाम रस्ता ओलांडायच्या जागेलगत घेतले. तिथं मोटार उभी राहिली की ओलांडणारा माणूस दिसत नाही, स्कूटर उभ्या असल्या तर दिसतो. अंध पादचाऱ्यांच्या एका गटानं ते चालून पाहिले आणि काही चौकोन स्पर्शपट्टीला (अंधांना पायाला जाणवेल अशा उंचवट्यांच्या पट्टीला) लागून आहेत हे दाखवलं. ते हलवले गेले.

काय झालं

कारखाना रस्त्यावरची मार्गिका वापरात आली. त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळी केलेल्या मोजणीत सायकली वाढलेल्या दिसल्या. त्यातल्या किती नव्या आणि किती शेजारच्या रस्त्यावरून इकडे वळलेल्या, हे त्या मोजणीतून वेगळं काढता आलं नाही, आणि अहवालात तसं लिहिलं आहे. एका वळणावर ट्रकच्या मागच्या चाकांनी खुंट इतक्या वेळा मोडले की शेवटी तिथं काँक्रीटचा कठडा आला.

गल्लीचा परिणाम लवकर दिसला. मुख्य रस्त्यावरच्या फुटपाथच्या तक्रारी कमी झाल्या. गल्लीत राहणाऱ्या मोटारवाल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, त्यांना आता वळसा पडतो. त्या रास्त आहेत आणि त्यांवर अजून तोडगा नाही.

शेअर्ड वाहनांच्या डेटातून या सगळ्याचा आधी-नंतरचा आलेख निघायला हवा होता. तो निघाला नाही, कारण मार्गिका झाल्यावर काही काळातच एका स्कूटर कंपनीनं शहरातला व्यवसाय गुंडाळला. तिचं फीड एका रात्रीत बंद. उरलेल्या दोघींच्या फेऱ्या वाढल्या, पण त्या मार्गिकेमुळे की गेलेल्या कंपनीचे ग्राहक आल्यामुळे, कोण सांगणार? या क्षेत्रात हे अपवादानं घडत नाही. पॅरिसमध्ये एप्रिल २०२३ मध्ये भाड्याच्या ई-स्कूटर ठेवाव्यात का यावर मतदान झालं, मतदानाला आठ टक्केही लोक आले नव्हते, आलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्क्यांनी विरोधात कौल दिला आणि १ सप्टेंबरपासून त्या बंद झाल्या. ज्या नियोजनाची मोजपट्टी कंपनीच्या हातात असते, ते कंपनीबरोबरच उघडं पडतं.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी आधी व्हायला हवी होती. हीटमॅप पडद्यावर येण्यापूर्वी दोन्ही रस्त्यांवर चार-पाच तासांची मोजणी झाली असती, तर पहिल्या बैठकीतला लाल रंग एवढा बोलका ठरला नसता. एकदा चित्र डोळ्यांत बसलं की पुढची प्रत्येक दुरुस्ती पळवाट वाटते, आणि स्टेशन भागातल्या प्रतिनिधींना ती तशी वाटलीच.

डेटा ठेवण्याचे नियम परवान्यातच असते तर कायदा अधिकाऱ्यांना मध्येच गाडी थांबवावी लागली नसती. दहाची मर्यादा ठरवताना ती कोणत्या भागांना झाकते याचा नकाशा त्याच दिवशी काढायला हवा होता. तो आम्हाला अपघातानंच दिसला.

चाचणीचा काळ सलग कोरड्या हवेत गेला. पावसात कारखान्याच्या बाजूचे लोक काय करतात, हे फक्त त्या रेनकोटांवरून अंदाजानं सांगता येतं.

सगळ्यांत मोठी उणीव मात्र डेटाच्या साच्यातच आहे. ॲप उघडलं, आसपास वाहन दिसलं नाही, ॲप बंद केलं: ही नोंद कंपन्यांकडे असते, एमडीएसमध्ये ती येत नाही. आमच्या गुणोत्तरानं आडून जे शोधायचा प्रयत्न केला ते तिथं थेट लिहिलेलं असतं. परवान्याच्या नूतनीकरणात पालिकेनं ही माहिती मागितली, तीही विभागवार आणि आठवड्याच्या एकूण आकड्यात, कोणाचीही एकेकटी नोंद नको म्हणून. सोबत आणखी एक कलम आहे: कंपनी शहर सोडत असेल तर शेवटच्या दिवसापर्यंतचे एकत्रित तक्ते दिल्याशिवाय अनामत परत मिळणार नाही. दुसऱ्या कलमाला दोघींनी होकार दिला. पहिल्याला सायकल कंपनी तयार आहे. स्कूटर कंपनीचं म्हणणं, ते व्यावसायिक गुपित आहे. मसुदा सध्या तिच्या वकिलांकडे आहे.